पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर? मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधावरचं भांडण असो, उचलीचा (मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांचा) वाद असो की यात्रेतली मारामारी, पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतं, चार दिवस पाहुण्याकडं निघून जा. कोणी म्हणतं, पुढाऱ्याला फोन लाव. या दोन्ही सल्ल्यांनी माणसं जास्तच अडकतात. पळालेल्या माणसावर संशय बळावतो, आणि पुढाऱ्याच्या फोनचा कुठे कागद होत नाही. चौकशीत शेवटी कागदच बोलतो. म्हणून कोणता कागद मागायचा, कोणता वाचायचा आणि कशावर सही करायची नाही, हे शेतकऱ्याला, मजुराला, कॉलेजच्या पोराला माहीत असलं पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे नंबर बदलले, काही नियमही बदलले. खाली नुसतं 'संहिता' लिहिलं असेल तिथे हा नवा कायदा समजावा.

चौकशी, तपास, जबाब, पंचनामा हे सगळं एकच का?

नाही. गुन्हा दाखल झाल्यावर पोलीस करतात तो तपास. तो ज्यांच्याकडे असतो ते तपासी अंमलदार. तपासात माणसाला समोर बसवून प्रश्न विचारतात ती चौकशी, आणि त्याची उत्तरं लिहून घेतात तो जबाब. पंच म्हणून बोलावलेल्या माणसांसमोर जागेची किंवा वस्तूची नोंद होते तो पंचनामा. गुन्हा दाखल होण्याआधीही चौकशी होते. तक्रारीचा गुन्हा तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. कोर्टात समोरचा वकील साक्षीदाराला खोदून विचारतो ती उलटतपासणी, तिचा ठाण्याशी संबंध नाही. शिक्षकाची किंवा तलाठ्याची खातेनिहाय चौकशी तर पूर्ण वेगळी, तिला सेवानियम लागतात.

यातलं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचा: "साहेब, मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून?" पुढचे सगळे नियम या एका उत्तरावर फिरतात.

पोलीस पाटलांकडून निरोप आला, "साहेबांनी उद्या बोलावलंय." जावंच लागतं का?

साक्षीदाराला बोलवायचं असेल तर संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. ज्याच्यावर आरोप आहे पण अटकेची गरज वाटत नाही, त्याला कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. जुन्या कायद्यात हीच '४१-अ ची नोटीस' होती, अजूनही ठाण्यात आणि कोर्टात तिला त्याच नावानं ओळखतात. फोन किंवा तोंडी निरोप यांतल्या कशातच बसत नाही. व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवून ती बजावली असं धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

पोलीस पाटील हे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेले असतात. निरोप देणं त्यांच्या कामात येतं, त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्यांना एवढंच म्हणा: "दादा, मी येतो, पण साहेबांना नोटीस द्यायला सांगा." माझं मत स्पष्ट आहे. तोंडी निरोप आला म्हणून हटून बसू नका, घर सोडून तर अजिबात जाऊ नका. नोटीस मागा, आणि ती मिळाली की दिलेल्या तारखेला वेळेवर जा. तब्येत, पेरणी किंवा घरातलं कार्य यामुळे जमत नसेल तर तसा अर्ज लिहून ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला पोलिसांना सहज अटक करता येत नाही. करायचीच झाली तर कारणं लिहून ठेवावी लागतात. नोटीस घेऊनही गेला नाहीत, तर अटकेचं कारण तुम्हीच त्यांच्या हातात दिलं.

आम्ही बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीच्या उचलीवरून कोल्हापूरकडच्या ठाण्यातून फोन येतोय. तिकडं जावं लागेल का?

दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याची कोयती, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि हंगाम फिसकटला की फसवणुकीच्या तक्रारीही तिकडच्याच ठाण्यात होतात. त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो.

साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर उत्तर सोपं आहे. कलम १७९ चा आदेश त्याच ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच देता येतो. शिरूर कासारच्या माणसाला कोल्हापूरच्या ठाण्याचा असा आदेश लागू होत नाही. जबाब हवा असेल तर त्यांनी इकडे यावं. तक्रारीत तुमचं नाव आरोपी म्हणून असेल तर मात्र हद्दीचा हा आडोसा मिळत नाही. कलम ३५ ची नोटीस आली तर जावं लागेल. फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलंय.

निघण्यापूर्वी कागद गोळा करा. मुकादमाशी झालेला करार, बँकेतून किंवा फोनवरून आलेल्या पैशांची नोंद, कारखान्याच्या खेपांच्या पावत्या, किती टन तोडला त्याची वही. उचल घेतली आणि काम केलंच नाही, असा आरोप असतो. काम केल्याची एक चिठ्ठीसुद्धा तिथे वजन टाकते. पैसे फेडण्याचा वाद हा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे, तोही मुद्दा वकिलामार्फत लेखी मांडा. ठाण्यातच बसून "एवढे भरा नि मोकळे व्हा" अशी तडजोड लिहून देऊ नका. वसुली करणं हे पोलिसांचं काम नाही.

माझे वडील पासष्ट वर्षांचे आहेत, आईलाही बोलावलंय. त्यांना ठाण्यात नेऊ का?

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर नेण्याची गरज नाही. साठ वर्षांवरचे आणि पंधरा वर्षांखालचे पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस, यांचा जबाब ते राहतात तिथेच घ्यावा लागतो. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ही वयोमर्यादा पासष्ट होती, नव्यात साठ झाली. स्वतःहून यायची तयारी असेल तर येता येतं, पण ती तयारी त्यांची हवी, ठाण्याच्या सोयीची नको. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि जवळच्या नातेवाइकाच्या समोर घ्यायचा असतो.

अटकेचे नियमही वेगळे आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा दुबळा असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही.

जबाब लिहून झाल्यावर "इथं सही कर" म्हणाले. करू का?

या प्रश्नावर जरा थांबू. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

साक्षीदारानं पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, असं संहितेचं कलम १८१ सांगतं. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते, पंचनाम्यावर पंचांची असते, अटकेच्या पंचनाम्यावर अटक झालेल्याची घेतात. साक्षीदाराच्या जबाबावर नाही. कोऱ्या कागदावर तर कोणाचीच नाही, कितीही ओळखीचे जमादार असले तरी.

सही नाही म्हणून जबाबाला किंमत नाही, असं मात्र समजू नका. वर्षा-दोन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा तुम्ही कोर्टात काय सांगता आणि जबाबात काय लिहिलंय, यात तफावत दिसली की उलटतपासणीत तेच तुमच्या तोंडावर मारलं जातं. एक उदाहरण घ्या. दोन भाऊबंदांत बांध कोरल्यावरून मारामारी झाली. शेजारच्या शेतकऱ्यानं पोलिसांना सांगितलं, "आरडाओरडा ऐकून मी पळत गेलो तर एकजण खाली पडला होता, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती." कागदावर आलं, "सदर इसमाने माझे समक्ष कुऱ्हाडीने वार केला." दोन वाक्यांत कोसाचं अंतर आहे. पहिल्यात त्यानं वार पाहिलाच नाही. कोर्टात तो खरं बोलला तरी खोटा ठरतो, आणि त्याच्यासोबत अख्खी केस पडते. ज्याला न्याय मिळायला हवा होता तोही उघडा पडतो.

हे नेहमी मुद्दाम होतं असं नाही. ठाण्याची एक ठरलेली भाषा आहे. जबाब सुरू होतो, "मी समक्ष पोलीस ठाणे येथे हजर येऊन विचारल्यावरून जबाब देतो की," आणि संपतो, "माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला, तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे." मधला मजकूर या साच्यात बसवताना 'ऐकलं' चं 'पाहिलं' होतं, 'संध्याकाळी' चं 'साडेसहाचे सुमारास' होतं. म्हणून ते शेवटचं वाक्य खरं करून दाखवा. वाचून पाहा. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. घरात गोरमाटी, दखनी, तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर मराठीत काय उतरलं ते समजून घ्या. देगलूर-उदगीर पट्ट्यात आणि तांड्यांवर याची फार गरज पडते. चुकलेलं दुरुस्त करायला सांगा. नाही केलं तर घरी आल्यावर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं लिहा: मी असं सांगितलं होतं, तसं लिहिलेलं नाही. त्या पोस्टाच्या पावतीचा पुढे कोर्टात उपयोग होतो.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं का?

साक्षीदार खरं सांगायला बांधील असतो, हा नियम आहे. पण ज्या उत्तरानं स्वतःच गुन्ह्यात अडकायची वेळ येईल ते न देण्याची मुभा त्याच कलमात, म्हणजे १८० मध्ये आहे. आरोपीसाठी तर थेट राज्यघटनेचं अनुच्छेद २०(३) आहे: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणावर जबरदस्ती करता येत नाही. हे संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यापुरतं नाही, पोलिसांच्या चौकशीतही लागू आहे, असा निकाल ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला. नाव, पत्ता, ओळख मात्र सरळ सांगा. आणि आठवत नसेल तिथे अंदाज बांधू नका. "आठवत नाही" हे प्रामाणिक उत्तर आहे.

वकील सोबत बसू शकतो का?

अटक झालेल्याला चौकशीच्या काळात आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पण सगळी चौकशी संपेपर्यंत वकील शेजारी बसेल असं नाही. नुसतं नोटिशीवर गेला असाल तरी वकील ठाण्यापर्यंत येऊ शकतात. वकील नसेल तर घरातलं एक शहाणं माणूस न्या. एकट्यानं जाऊ नका. किती वाजता आत गेलात आणि किती वाजता बाहेर आलात, याची वेळ त्या सोबत्यानं लिहून ठेवावी.

पोराला काल संध्याकाळी उचललं. ठाण्यात म्हणतात, "अटक नाही, नुसतं बसवलंय." काय करावं?

कायद्यात 'नुसतं बसवून ठेवणं' नाही. माणूस उठून घरी जाऊ शकतो किंवा तो अटकेत आहे. ज्या क्षणी त्याचं जाणं-येणं रोखलं त्या क्षणापासून अटक मोजायची, कागदावर वेळ कोणतीही लिहिलेली असो, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलंय. तिथून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलंच पाहिजे.

अटक असेल तर अटकेचा पंचनामा लागतो, त्यावर घरच्या किंवा गावच्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते, नातेवाइकाला कळवावं लागतं. १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलेले हे नियम आता कायद्यातच लिहिलेले आहेत. कुणाकुणाला अटक झाली ते ठाण्यात फलकावर लावायचं असतं आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायचं असतं. अटकेची कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं.

प्रत्यक्षात हे करा. ११२ वर फोन करून पोरगा कोणत्या ठाण्यात आहे ते विचारा, म्हणजे फोनची नोंद होते. ठाणे अंमलदाराला लेखी अर्ज द्या: अमुक वाजता घरून नेलं, अटक आहे की नाही ते कळवावं. पोहोच देत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना ई-मेल करा. छत्रपती संभाजीनगर शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना. चोवीस तास उलटले तर वकिलामार्फत तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे जा. माणूस दाखवतच नसतील तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावा असा, अर्ज होतो. १९८१ पासून हे खंडपीठ आपल्याकडं आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून लिहितो. गावाजवळ चोरी झाली की पारधी वस्तीवरून माणसं उचलून आणायची, ही सवय अजून गेलेली नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये सुरू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं पुसला, पण संशयाच्या यादीतून तो पुसला गेला नाही. जात हे चौकशीचं कारण होऊ शकत नाही. शेजारच्या वस्तीवरून कोणाला नेलं तर वर सांगितलेला अर्ज गावातल्या कोणीही लिहून द्यावा. तो द्यायला नातेवाईकच असायला लागतो, असं नाही.

मारहाण केली तर?

कबुलीसाठी मारणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली त्याला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवा, कसा झाला ते सांगा आणि अहवालाची प्रत मागा. दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" त्या क्षणी मान खाली घालू नका. सांगितलं की नोंद होते, आणि ती नोंद वर्षानुवर्षं टिकते. ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिलाय, म्हणून फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या.

याचा काही उपयोग होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी परभणीकडे बघावं. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईनं दाद मागितली, आणि जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं संबंधित पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो आदेश कायम राहिला.

भीतीनं पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला. आता सगळं संपलं का?

संपलं नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. अपवाद एकच: त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, जसं लपवलेला कोयता किंवा पुरलेले दागिने, तर तेवढा भाग वापरता येतो. म्हणून 'काढून दिलं' असा पंचनामा होतो तेव्हा पंच कोण होते, जागा कोणती होती, हे लक्षात ठेवा आणि वकिलांना सांगा. चालणारी कबुली दंडाधिकाऱ्यांपुढे होते, तीही "तू बांधील नाहीस" असं समजावून सांगितल्यावर. तिथे "मला द्यायची नाही" म्हणालात तर ते तुम्हाला त्यासाठी पोलीस कोठडीत परत पाठवू शकत नाहीत.

सोळा वर्षांच्या मुलाला चौकशीला नेलं तर?

अठराच्या खालच्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. वयाचा दाखला म्हणून शाळेचा निर्गम उतारा किंवा जन्मदाखला घेऊन लगेच ठाण्यात जा. आधार कार्डावर विसंबू नका. मूल लैंगिक अत्याचाराचं पीडित असेल तर पोक्सो कायद्याखाली जबाब घरी घेतात, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा.

मोबाइल काढून घेतला.

जप्तीचा पंचनामा मागा, त्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर आला पाहिजे. नव्या संहितेत जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे.

नार्को चाचणी जबरदस्तीनं करता येते का?

नाही. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग यांतलं काहीही संमतीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सेल्वी खटला, २०१०.

गणपतीच्या आधी '१४९ ची नोटीस' आली. मी आरोपी झालो का?

नाही. ही समज देणारी नोटीस आहे, आता ती कलम १६८ खाली येते. शांतता राखण्याचा बाँड मागणारी, ज्याला सगळे चॅप्टर केस म्हणतात, ती वेगळी. जुन्या १०७ च्या जागी आता कलम १२६ आहे. तिला उत्तर द्यावं लागतं आणि तारखेला हजर राहावं लागतं.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस म्हणतो, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, फोन बंद करू नका."

फोन बंद करा. कोणत्याही भारतीय कायद्यात अशी अटक नाही, आणि कोणतीही यंत्रणा पैसे 'पडताळणीसाठी' भरायला सांगत नाही. निवृत्त शिक्षक आणि एकटे राहणारे आई-वडील यांना हे घरी बसून समजावून सांगा, त्यांच्या पेन्शनवरच डोळा असतो. पैसे गेले असतील तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा; जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता जास्त.

वकील लावायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतला कोणताही माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याला जिल्हा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज चालतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही मदत मागता येते. नोटीस आली त्याच दिवशी जा. तारखेच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर वकिलाला तुमचे कागद वाचायलाही वेळ उरत नाही.